जुन्या 407 ला एअर फिल्टर कोणता बसवावा

आमची टाटा 407 ही 1997 ची गाडी. सांवेर, हातोद, देपालपूर या भागातून बटाटा, कांदा, लसूण भरून इंदूरच्या चोइथराम मंडीत आणायचा आणि परतीला मिळेल ते भाडं घ्यायचं, हे तिचं काम. इंदूर 2017 पासून सलग कित्येक वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं आणि शहरातले रस्ते खरोखरच झाडलेले असतात. पण गाडीचा अर्धा वेळ शेताच्या कच्च्या वाटांवर जातो. उरलेला अर्धा, सिंहस्थ 2028 साठी उज्जैन रस्त्याचं सहापदरी काम निघाल्यापासून, मुरूम वाहणाऱ्या डंपरांच्या मागे. माळव्याची काळी माती पावसात चाक सोडत नाही आणि वाळली की पिठासारखी उडते. त्या हवेत इंजिनाला श्वास घ्यायचा असतो.

एअर फिल्टरचा प्रश्न आमच्याकडे उभा राहिला तो इंजिनाच्या कामामुळे. गाडी ऑईल प्यायला लागली होती, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येत होता, आणि भरल्या गाडीनं चढ घेताना पूर्वीचा दम राहिला नव्हता. देवास नाक्याकडच्या गॅरेजमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. तेव्हा नानांना बोलावून घेतलं. नाना म्हणजे आमच्या वडिलांचे स्नेही, रोडवेजच्या डेपोत उभी हयात काढलेले मेकॅनिक. आता वय झालंय, हात थरथरतो, पण इंजिन उघडलं की अजून हातानंच बघतात. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो त्या लाईनरच्या वरच्या कडेला त्यांनी नख लावलं आणि खाली ओढलं. पिस्टनवरची सगळ्यांत वरची रिंग जिथून परत फिरते तिथे नख अडकलं, चांगली पायरी पडली होती. खालचा बोअर मात्र बराच शाबूत. मग त्यांनी इनलेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपमध्ये, बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर मऊ, तपकिरी भुकटी.

"हे चालून झिजलेलं नाही. याला धुळीनं खाल्लंय," नाना म्हणाले.

धूळ वरून येते म्हणून झीज वरच्या रिंगपाशी जास्त होते, हे त्यांनी मला तिथंच दाखवलं. रिंग आणि लाईनर यांच्यात तेलाचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनचाच. माणसाचा केस ढोबळमानानं 70 मायक्रॉन जाड असतो. पापुद्रा त्याच्याही कितीतरी पातळ. त्याहून बारीक कण तेलाबरोबर वाहून जातात, मोठे कण सहसा फिल्टरमध्येच अडकतात. घात करतात ते मधले, पाच ते वीस मायक्रॉनचे. ते पापुद्र्याच्या जाडीएवढे असतात, दोन्ही बाजूंना एकदम घासतात. मातीतली सिलिका लोखंडाहून कठीण, त्यामुळे झिजतं ते इंजिनच.

तर इंजिन बांधायच्या आत फिल्टरचं ठरवायचं होतं. नवे लाईनर, पिस्टन, रिंगा घालून पुन्हा तीच हवा आत सोडण्यात अर्थ नव्हता.

घरात तीन मतं होती. दादाचं म्हणणं, कंपनीचाच फिल्टर घ्या, विषय संपला. माझ्या पुतण्याला तेल लावलेल्या कापडाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर हवा होता. "काका, त्यानं हवा जास्त मिळते, पिकअप वाढतं. आणि जन्मात एकदाच घ्यायचा, दर वेळी कागद बदलायला नको." त्याच्या मित्राच्या जीपला तो होता आणि बघायला चार दिवस मिळणार होता. नानांचं तिसरंच. त्यांना जुना ऑईल-बाथ क्लिनर आठवत होता.

ऑईल-बाथचं आधी सांगतो, कारण नव्या पिढीनं तो फारसा पाहिलेला नाही. जुन्या ट्रकांना फिल्टरच्या जागी लोखंडी भांडं असे. त्यात खुणेपर्यंत इंजिन ऑईल ओतायचं. हवा वरून वेगानं येते, तेलावर आपटते आणि एकदम वळते. जड कण वळू शकत नाहीत, तेलात बुडतात. उरलेले वरच्या तारेच्या ओल्या जाळीत अडकतात. डेपोत उन्हाळ्यात रोज संध्याकाळी भांडी काढायची, तळाचा चिखल खरवडायचा, डिझेलनं धुवायची आणि नवं तेल घालायचं. बदलायला काही नाही, दुकानात जायला नको. नानांचा त्यावर जीव आहे आणि तो का आहे हे मला समजतं: त्या भांड्यात कालचा कचरा डोळ्यांनी दिसायचा. पण त्याचं एक वैगुण्य नानांनीच सांगितलं. त्याचं काम हवेच्या वेगावर चालतं. इंजिन मंद चालत असेल तर हवा हळू येते, हळू आली तर कण वळणावर सुटून आत जातात. मंडीच्या फाटकाबाहेर रांगेत तासन् तास रेंगाळणाऱ्या गाडीला ते परवडणारं नाही. शिवाय तेल खुणेच्या वर गेलं तर इंजिन ते ओढून घेतं. म्हणून तो विचार आम्ही सोडला.

आता उरले कागदी आणि कापडी. आमच्या गाडीला कोरड्या कागदी फिल्टरचं भांडं आहे: पत्र्याचं गोल डबडं, आत मधोमध बोल्ट, त्यावर फिल्टर, वरून झाकण आणि विंगनट.

मी छोटी ग्वालटोलीत गेलो. सरवटे बसस्टँडच्या जवळची ही पार्टांची गल्ली इंदुरात गाडी असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "भिया, पेटीपॅक दूँ या खुल्ला?" पेटीपॅक म्हणजे मेकरच्या सीलबंद खोक्यातला. खुल्ला म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतला, नाव-पत्ता नसलेला. दोन्हींच्या भावात दुपटीतिपटीचा फरक. मी तीन घेतले: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला एक, फिल्टरच बनवणाऱ्या एका नावाजलेल्या मेकरचा एक, आणि खुल्ल्यातला एक. इंजिनाच्या कामाला जो खर्च होत होता त्यापुढे तीन फिल्टर म्हणजे काहीच नव्हतं, आणि मला हातात धरून बघायचं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण दादाचं निम्मं मत तिच्यावर उभं होतं. ट्रक बनवणारी कंपनी फिल्टरचा कागद स्वतः बनवत नाही. फिल्टर बनवणारे कारखाने वेगळे, गाडीच्या कंपन्या त्यांच्याकडून माल घेतात आणि आपल्या खोक्यात घालतात. कंपनीचं खोकं म्हणजे तिनं ठरवलेल्या मापाचा आणि तपासणीचा माल, ही खात्री तुम्ही विकत घेता, आणि ती खात्री खरी आहे. पण त्याच दर्जाचे कारखाने आपल्या नावानंही बाजारात माल आणतात. तेव्हा "कंपनीचा" आणि "बाहेरचा" अशी जी रेघ आपण मारतो ती बऱ्याचदा चुकीच्या जागी पडते. खरी रेघ आहे ती नाव सांगणारा माल आणि न सांगणारा माल यांच्यात.

संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आम्ही तिन्ही फिल्टर टेबलावर मांडले. नानांनी एकेक घेऊन आत टॉर्च सोडला आणि दिवा बंद करायला सांगितलं. पेटीपॅकच्या दोन्ही फिल्टरांतून उजेड मंद, सारखा, पिवळसर येत होता. घड्या एकमेकींपासून समान अंतरावर. मध्ये गोंदाच्या बारीक रेघा, त्या घड्यांना चिकटू देत नाहीत. खुल्ल्या फिल्टरच्या घड्या एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. जिथे कागदाची दोन टोकं जोडली होती तिथे खालच्या टोपीजवळ टाचणीच्या टोकाएवढा लख्ख पांढरा ठिपका दिसला. भोक. नवाकोरा फिल्टर, गाडीला लागायच्या आधीच फुटलेला.

मग काचेचा तुकडा घेतला आणि फिल्टरची रबरी कड त्यावर टेकवली. दोन्ही पेटीपॅक चौफेर टेकले. खुल्ला एका बाजूला झुलत होता, आणि त्याचं रबर नखानं दाबलं तर परत वर यायला वेळ लावत होतं. जी धूळ बाहेर ठेवण्यासाठी आपण कागदाची एवढी चर्चा करतो ती या कडेवरून बिनदिक्कत आत जाते. हवेला सोपी वाट मिळाली की ती कागदातून कशाला जाईल?

खुल्ला तिथेच बाद झाला. पण पुढच्या परीक्षेसाठी नानांनी तो ठेवून घेतला.

पुतण्याचा मुद्दा मात्र टॉर्चनं सुटणारा नव्हता. हवा जास्त मिळते का, हे मोजायला हवं होतं. नाना म्हणाले, गवंड्याकडून लेव्हल पाईप आणा. पारदर्शक नळी, जिच्यात पाणी भरून गवंडी भिंतीची पातळी बघतात. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या पाईपला एक छोटा निपल बसवला, लेव्हल पाईपचं एक टोक त्याला जोडलं, नळीला यू आकार देऊन फळीवर बांधलं, दुसरं टोक उघडं. नळीत रंगीत पाणी. इंजिन हवा ओढू लागलं की त्या बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा फिल्टरचा अडथळा, पाण्याच्या इंचांत. हे सगळं इंजिन बांधून झाल्यावर, रिंगा बसल्यावर केलं. आमच्या गाडीला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नाही, म्हणून मोकळ्या गाडीवर पूर्ण रेस देऊन मोजलं तरी चालतं. टर्बो असेल तर पूर्ण लोडवरच मोजावं लागतं. पाणी खालीवर नाचतं. नानांनी नळीत कापसाचा बोळा हलकासा घातला, मग ते स्थिरावलं.

आकडे असे आले. कंपनीच्या फिल्टरला साधारण आठ इंच. नावाजलेल्या मेकरच्या फिल्टरलाही आठच. फरक असलाच तर आमच्या नळीवर वाचता येत नव्हता. मित्राच्या जीपवरून काढून आणलेल्या कापडी फिल्टरला सात. आणि त्या भोकाच्या खुल्ल्याला सर्वांत कमी, सहाच्या आसपास.

पुतण्या क्षणभर खूश झाला, मग खुल्ल्याचा आकडा बघून गप्प झाला. अडथळा कमी असणं हा जर फिल्टरचा गुण, तर सगळ्यांत चांगला फिल्टर तो भोकाचा ठरतो. फिल्टर काढूनच टाकला तर आकडा आणखी सुंदर येईल.

कापडी फिल्टरनं वाचवलेल्या त्या एका इंचाची किंमत आम्ही कागदावर मांडली. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथल्या हवेचा दाब पाण्याच्या भाषेत 380 इंचांच्या घरात जातो. त्यातला एक इंच म्हणजे पाव टक्का. जास्तीची हवा मिळाली ती एवढी.

आणि मिळाली तरी तिचा उपयोग काय? अशा जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते. पाय दाबला की पंप डिझेल जास्त सोडतो. हवा इंजिन आधीपासूनच पोटभर घेत असतं. आमच्या 497 इंजिनाचं नावच माप सांगतं, 4 सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 100 चा; एकूण 2956 सीसी. 2800 च्या आरपीएमला ते मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा गिळतं. ताकद वाढवायची तर डिझेल वाढवावं लागेल, पंपाची सेटिंग बदलावी लागेल, आणि जुन्या इंजिनाला मी ते करणार नाही. फिल्टर जाम झाला, पाणी वीस इंचांपलीकडे चढायला लागलं, तर काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज पडतं, हे खरं. टर्बो नसलेल्या डिझेलला साधारण वीस आणि टर्बोवाल्याला पंचवीस इंचांपर्यंतची मर्यादा धरतात. पण आठ इंचांवरून सातवर आणून काही मिळत नाही.

त्यात कापडी फिल्टर शंकूच्या आकाराचा, उघड्यावर पाईपला क्लिप लावून बसणारा. तो लावायचा तर मूळ भांडं आणि कॅबिनबाहेरून हवा आणणारा पाईप दोन्ही निघतात. 407 चं इंजिन कॅबिनखाली. तिथली हवा रेडिएटरवरून आलेली, बाहेर 35 अंश असेल तर आत साठ सहज होते. गरम हवा विरळ असते. 35 वरून 60 वर गेली की त्याच जागेत साडेसात टक्के कमी हवा मावते. पाव टक्क्यासाठी साडेसात टक्के घालवायचे.

पुतण्यानं हिशोब दोनदा करून पाहिला. मला त्याचं कौतुक वाटलं, कारण त्यानं आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यायचा प्रयत्न केला. "पण काका, धूळ तर तोही अडवतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के अडवतात म्हणे." चांगल्या कागदी फिल्टरचा आकडा साडेनव्व्याण्णव आणि त्यावर असतो. ऐकायला दोन्ही जवळजवळचे. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, सुटलेल्या धुळीशी आहे. फिल्टरनं आपल्या आयुष्यात अर्धा किलो धूळ पाहिली असं धरा. साडेनव्व्याण्णववाल्यातून अडीच ग्रॅम आत गेली, सत्त्याण्णववाल्यातून पंधरा ग्रॅम. सहापट.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून नानांनी ग्रीसची परीक्षा लावली. फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या पाईपला आतून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि गाडी सांवेरला पाठवली. आधी मेकरचा कागदी फिल्टर लावून, मग पाईप पुसून, नवा हात देऊन, कापडी लावून. खुल्ला नव्या इंजिनावर लावायचा नाही, हे नानांनी आधीच बजावलं होतं. पाणी बघायला काही क्षण लावला तेवढाच, तोही गॅरेजमध्ये. कागदीनंतर ग्रीस पांढरं, बोटात चोळलं तर मऊ. कापडीनंतर ग्रीसवर राखाडी झाक आली होती, आणि चिमटीत चोळल्यावर कानाजवळ धरलं तर बारीक करकर ऐकू आली. पुतण्यानं ती स्वतः ऐकली. त्यानंतर कापडी फिल्टरचा विषय निघाला नाही.

कापडी फिल्टरला मी वाईट म्हणत नाही. धूळ कमी असलेल्या डांबरी रस्त्यावर, दर वेळी नीट धुऊन, पूर्ण वाळवून, मापात तेल लावणारा मालक असेल तर त्याचं चालेल. आमच्याकडे पावसाळ्यात तो वाळायला दोन दिवस जाणार आणि तोवर गाडी उभी राहणार.

मग कंपनीचा की मेकरचा? टॉर्च, काच, पाणी, तिन्ही बाजूंनी दोघे सारखे. 1997 च्या गाडीचा कंपनीचा फिल्टर दर वेळी हजर असेलच असं नाही, कधी मागवावा लागतो. मेकरचा ग्वालटोलीत केव्हाही मिळतो. म्हणून नेहमीसाठी मेकरचा ठरवला, आणि घेतलेला कंपनीचा सीटमागे पिशवीत राखीव ठेवला. घेताना खोक्यावरचा पार्ट नंबर, पॅकिंगचा महिना आणि होलोग्राम बघतो. शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेल्या फिल्टरचं रबर कडक झालेलं असतं, आणि नकली खोकी बाजारात येतात.

पण ग्वालटोलीतून आल्यावर नानांनी जे दाखवलं ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. जुनं इंजिन ज्या धुळीनं खाल्लं ती फक्त फिल्टरमधून गेली नव्हती. भांड्यापासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज पाईप खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, क्लिपच्या काठावर चिरला होता. मी तो वाकवला तेव्हा चीर उघडली आणि आतल्या कडांवर माती चिकटलेली दिसली. म्हणजे फिल्टर कितीही भारी बसवला असता तरी हवा त्याला वळसा घालून जात होती. दुसरं, विंगनटखालचं रबरी वॉशर नव्हतं. बोल्ट ज्या भोकातून वर येतो त्याच भोकातून धूळ थेट साफ बाजूला उतरते. ती वाट तेवढंसं वॉशर बंद करतं. तिसरं, झाकणाखालची रबरी चोच. भांड्यात गोल फिरून खाली पडलेली जड धूळ तिच्यातून बाहेर गळावी म्हणून ती असते. आमची कडक होऊन उघडीच राहिली होती, तिथून उलट धूळ वर जात होती.

होज नवा घेतला, दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा लावल्या, वॉशर आणि चोच बदलली. हे सगळं मिळून एका फिल्टरच्या किमतीत झालं. भांड्याची कड ठोकून सरळ केली, तिथे ट्यूबलाईटखाली फिल्टर बसवून, काढून, रबरावर चौफेर सारखा ठसा उमटतो का ते पाहिलं. हवा घेणारा पाईप कॅबिनच्या मागून वर नेला, कारण चाकांच्या उंचीला धूळ दाट असते.

आमच्या ड्रायव्हरला समजावणं हा वेगळा भाग होता. माणूस प्रामाणिक, गाडीवर माया करणारा. पंक्चरच्या दुकानात थांबला की फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा आणि कंप्रेसरची हवा मारायचा, ही त्याची वर्षांची सवय, आणि ती गाडीच्या भल्यासाठीच. त्याला नानांनीच सांगितलं, माझ्या सांगण्यापेक्षा त्याला ते पटतं. टायरचा कंप्रेसर शंभर पौंडांच्या वर असतो. कागदाला तीस पौंडांच्या आतली हवा, तीही आतून बाहेर, लांबून. जास्त दाबानं कागदाचे तंतू फाकतात, डोळ्याला काही दिसत नाही आणि धूळ मात्र पार व्हायला लागते. आपटलं की पत्र्याची टोपी वाकते आणि मग रबर टेकत नाही. आणि जे त्याला अजिबात खरं वाटेना ते असं: कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळण्याचं काम करतो. नवा फिल्टर पहिल्या काही तासांत सर्वांत कमी गाळतो. थर बसला की सुधारतो. दर दोन दिवसांनी तो साफ करणं म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा पहिल्या तासात नेणं. शिवाय भांडं उघडलं की काठावरची थोडी माती आत पडतेच.

"मग बदलायचा कधी?" त्यानं विचारलं. म्हणून त्या निपललाच एक इंडिकेटर बसवला. पारदर्शक प्लास्टिकची छोटी डबी, अडथळा वाढला की आतला लाल पट्टा वर येतो आणि तिथेच अडकून राहतो. लाल दिसला की फिल्टर बदल, तोवर झाकणाला हात लावू नकोस. आता तो रोज सकाळी ऑईल आणि पाणी बघताना डबी बघतो. लाल नसेल तर पुढे जातो.

गाडी आता चांगली चालते. पण त्याचं श्रेय मी फिल्टरला देणार नाही, ते नव्या रिंगांचं आहे. पीयूसीला धूर मर्यादेत आला. जुन्या डिझेल गाड्यांना 65 हार्ट्रिजची (हे धूर मोजायचं माप) मर्यादा आहे, नव्यांना त्याहून कडक, आमची जुन्यांत मोडते. अ‍ॅव्हरेजमध्ये कागदी आणि कापडी फिल्टरांत आम्हाला फरक दिसला नव्हता. फिल्टरचं काम दिसणार ते आणखी काही वर्षांनी, लाईनरच्या वरच्या कडेला पुन्हा नख लावलं तर. मधल्या काळात ऑईल बदलताना आम्ही पाईपमध्ये बोट फिरवतो आणि ग्रीसचा हात देतो. आतापर्यंत बोट कोरडं आणि स्वच्छ निघालंय.

पुतण्याच्या डोक्यात आता प्रीक्लिनर आहे. ट्रॅक्टरला वर छत्रीसारखं भांडं असतं तसं: हवा आत शिरताना गरगर फिरते आणि जाडी धूळ फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच कडेला फेकली जाते. सोयाबीन निघायला लागलं की थ्रेशरचा भुसा हवेत असतो, तेव्हा फिल्टर फार लवकर भरतो, त्यामुळे या वेळी त्याचं म्हणणं मला पटलंय. तो ट्रान्सपोर्ट नगरात भाव विचारून आला. नानांनी त्याला परत पाठवलं, आधी त्याच्या तोंडाचा व्यास मोजून आण म्हणून. आमच्या पाईपपेक्षा अरुंद निघाला तर आठ इंचांचं पाणी कुठे जाईल ते बसवायच्या आधीच बघायचं आहे.